बावीस तास

टोरांटो विमानतळावरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: नागपूर ते टोरांटो, बारा हजार किलोमीटर, चौदा मिनिटं. आईला तो दिसू नये म्हणून पराग मुद्दाम त्याच्यासमोर उभा राहिला.

नवी विमानं सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. आईला मात्र तो फोनवर जुनेच बावीस तास सांगत आला होता. दर दिवाळीला सांगितले आणि बाबा गेले त्या दिवशीही सांगितले. "मी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल गं." या वेळी शेजारच्या मंदाकाकूंनी तिला परस्पर तिकीट काढून दिलं होतं.

आई बाहेर आली. फलक पाहण्याइतकी ती उंच होती, पण तिने परागकडेच पाहिलं.

"थकली असशील," तो पुटपुटला.

"छे रे. बसल्या बसल्या डोळा लागला. तुझे बावीस तास कळलेच नाहीत बघ."

त्याला हायसं वाटलं. तेवढ्यात तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढून त्याच्या हातात ठेवला.

"सांबारवडी आहे. निघता निघता तळली," ती म्हणाली. "फडक्याने धर. गरम आहे."