किल्ल्यांची समई

इमारतीतली दारं चेहरा ओळखून उघडू लागली, तेव्हा सोसायटीने सगळ्या पितळी किल्ल्या गोळा करून हॉलसाठी समई ओतून घेतली. "अडीनडीला एकेक तरी ठेवा," असं वसुधाताई सभेत म्हणाल्या. "हिला अजून कमरेला जुडगा हवा," म्हणत त्यांचे यजमानच सगळ्यांत मोठ्याने हसले. ते सेक्रेटरी होते.

गेल्या आठवड्यात पूर आला. ते पंप बघायला तळघरात उतरले आणि वीज गेली. पोलादी दार कोणाचाच चेहरा ओळखेना. पाणी छताला लागेपर्यंत वसुधाताईंनी आतल्या हाका ऐकल्या.

आज शोकसभेत फोटोपुढे तीच समई होती. "ताई, वात तुम्हीच लावा," नवे सेक्रेटरी म्हणाले.

काडी ओढून ताईंनी शांतपणे विचारलं, "तळघराची किल्ली यातच आहे ना हो?"