मुळासकट

लिसार्दोनं झुडूप झोइलाच्या पायाशी आणून टाकलं आणि अंगणात एकच गलका झाला. भेटीच्या टोपल्या घेऊन मागणी घालायला आलेली त्याच्याकडची माणसं शिट्ट्या मारू लागली, एकानं बासरी धरली. फांद्या लाल फुलांनी लगडल्या होत्या. खाली मुळं लोंबत होती, पांढरी, सोलवटलेली, काळ्या मातीचे गोळे धरून.

पुका-सिसाचं झुडूप होतं ते. गावावरच्या कड्याच्या कपारीत एकटंच उरलेलं. झोइला लहानपणापासून त्याच्याखालून मेंढ्या न्यायची. त्याच्या पानालाही कुणी हात लावत नसे.

"जिवावर उदार होऊन चढलो," लिसार्दो म्हणाला. मेजवानीतल्या भाजलेल्या गिनीपिगच्या चरबीनं त्याची बोटं चकाकत होती. त्याच बोटांनी त्यानं एक फूल तोडलं आणि तिच्या हॅटमध्ये खोचलं.

"शाब्बास रे पठ्ठ्या!" झोइलाच्या बापानं, सेगुंदोनं, त्याच्या पाठीवर थाप मारली.

"एखादी फांदी आणायचीस," झोइला हळूच म्हणाली. "उपटलंस कशाला? शेवटचं होतं ते."

"म्हणून तर!" तो हसला. मक्याच्या दारूचा आंबूस भपकारा तिच्या तोंडावर आला. "आता दुसऱ्या कुणाला हे फूल मिळायचंच नाही. फक्त तुला. माझ्या बायकोला."

मुळांतून एक गांडूळ वळवळत बाहेर पडलं. लिसार्दोनं ते बोलता बोलता टाचेखाली चिरडलं आणि तिचा हात धरला. तो हात ओला होता, गरम होता. झोइलानं हात सोडवून घेतला, घागऱ्याला खसाखसा पुसला आणि हॅट काढून फूल खाली झटकलं.

"तुमच्या टोपल्या उचला. मला हे लग्न करायचं नाही."

"एका फुलापायी?" सेगुंदो ओरडला. "डोकं फिरलंय का तुझं?"

बासरी थांबली. पाहुण्यांनी पाव, बटाटे, कोंबड्या, सगळं परत टोपल्यांत भरलं. लिसार्दोची आई उंबऱ्यावर थुंकली. सेगुंदो झोइलाला शिव्या घालत त्यांच्या मागं धावला.

झोइलाची आई, एदेलमिरा, चुलीपासून उठली. आता ही मारणार, असं झोइलाला वाटलं. पण आईनं कुदळ आणली. दोघींनी घरामागं खड्डा खणला आणि झुडूप उभं केलं. मुळं केव्हाच मऊ पडली होती. ते धरणार नाही, हे दोघींनाही कळत होतं.

आई माती दाबत राहिली. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या बापानंही माझ्यासाठी असंच मुळासकट आणलं होतं. तेव्हा अख्खा कडा लाल असायचा."