बारा फूट रुंदी

बाप आणि लेक, दोघंही गोल्फवेडे. घरातच खेळता यावं म्हणून बापाने पडद्यावर फटका दाखवणारं यंत्र बसवायचं मनावर घेतलं होतं. ते बसवणारा माणूस खोलीची मापं घेत होता.

"लांबी अठरा फूट, उंची दहा. झकास! रुंदी तेवढी बाराच भरतेय. खेळणारे सगळे उजव्या हाताचे असले तर भागेल. पण एक जरी डावखुरा असला, तर चेंडू मधोमध ठेवावा लागतो. मग बारा फूट पुरत नाहीत, ही भिंत पाडण्यावाचून इलाज नाही. घरात कोणी डावखुरं आहे?"

"छे! आम्ही दोघंही उजवे," बाप घाईघाईने म्हणाला.

पोराची आई नुकतीच दवाखान्यातून आली होती. खांद्यावरची पिशवीसुद्धा तिने अजून उतरवली नव्हती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "उद्या तो घरी येईल. त्याच्यासमोरही असंच म्हणणार आहात का?"

बापाने भिंतीला हात टेकला.

"पाडा भिंत," तो त्या माणसाला म्हणाला. "अपघातात पोराचा उजवा हात गेला. गाडी मी चालवत होतो."