मुक्कामी गाडी

दोन हजार तेवीस साल होतं आणि चैत्र नुकताच लागला होता. सोयरीक जुळवणाऱ्या आप्पांनी सुपारी अडकित्त्यात धरली, तेवढ्यात गावच्या वळणावर हॉर्न वाजला. दोनदा, लांबवून.

बायनाबाईनं पुढं होऊन आप्पांच्या हातातली सुपारी काढूनच घेतली.

"थांबा. फोडू नका. गाडी आली."

बैठकीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मुलाचे वडील विठ्ठलराव हसून म्हणाले, "अवो बाई, गाडीचा अन् सोयरिकीचा काय संबंध?"

"हाय संबंध. इचारा माझ्या लेकाला."

लेक बजरंग मान खाली घालून सतरंजीचा काठ चाचपत बसला होता. शब्द त्यानंच दिला होता.

गेवराईहून रोज दिवेलागणीला मुक्कामी गाडी यायची. रात्री मारुतीच्या पारापाशी थांबायची आणि सकाळी सहाला पोरींना कॉलेजात घेऊन जायची. ड्रायव्हर बिभीषण वळणावर दोनदा हॉर्न द्यायचा तो बायनाबाईसाठी. तो ऐकला की ती तव्यावर दोन भाकरी जास्तीच्या टाकायची. एक बिभीषणची, एक कंडक्टर कासमची. किती वर्षं टाकल्या, कोण मोजतं? नात संस्कृती त्याच गाडीनं अकरावीला जायला लागली तेव्हा म्हातारीला वाटलं, भाकरी कुठंतरी पोचल्या.

मग कोरोना आला. तो गेला, पण मंदी काही उठली नाही. मांजरसुंब्याला ट्रक थांबेनासे झाले आणि ढाब्यावरचं बजरंगचं आचाऱ्याचं काम सुटलं. सरकारच्या तिजोरीत खडखडाट आहे म्हणत होते. दिवाळीनंतर डेपोनं तोट्यातल्या गाड्या बंद केल्या, त्यात ही गेली. फाटा तीन कोस लांब. वाटेनं दिवसरात्र वाळूचे टिप्पर. बजरंगनं लेकीचं कॉलेज सोडवलं आणि स्थळ बघितलं. म्हातारी भांडली तेव्हा म्हणाला, "माय, त्या रस्त्यानं पोर एकटी धाडायची माझी छाती न्हाई. गाडी सुरू झाली तर बघ, भर बैठकीतनं सोयरीक मोडतो."

गेल्याच पंधरवड्यात बातमी आली होती की सरकारनं बायांचं तिकीट अर्धं केलं. संस्कृतीची आई सत्यशीला चुलीपुढं म्हणाली होती, "गाडीच न्हाई अन् तिकीट अर्धं. आता काय बैलगाडीत बसून अर्धे पैसे देऊ?" त्यावर सासूसुना लई हसल्या होत्या.

आणि आज हॉर्न वाजला होता.

बजरंग उठला. त्याच्या तोंडावरचं ओझं उतरलेलं बायनाबाईला दिसलं. तो विठ्ठलरावांपुढं हात जोडून म्हणाला, "पाव्हणं, माफी करा. मी बघून येतो."

संस्कृती केव्हाच पळाली होती. बैठकीसाठी नेसवलेल्या साडीच्या निऱ्या हातात धरून, अनवाणी. तिच्या मागं बायनाबाई, मुठीत सुपारी. मुक्कामी गाडी भर दिवसा कशी आली, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

पारापाशी तीच लाल गाडी उभी होती. काचेवर कापडी फलक बांधला होता. बिभीषण खाली उतरला, त्यानं नव्या साडीतल्या पोरीकडं बघितलं, मग म्हातारीकडं.

"मावशी, भाकरी टाकली न्हाईस ना?"

"टाकते की! बस जरा."

"नगं टाकू. मुक्काम न्हाई. बीडला सरकारी मेळावा हाय, बाया न्यायला आलोय. चार वाजता त्यांना हिथं परत सोडतो अन् निघतो."

कासम दारात उभा राहून हाका मारत होता, "चला माय, चला काकू, तिकीट न्हाई!" संस्कृती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"कासममामा, आपली गाडी कावून बंद केली?"

"तोट्यात होती, बेटा. रिकामी पळायची."

"रिकामी? मी तर रोज उभी राहून जायची. पाय ठेवायला जागा नसायची."

कासमनं नजर चुकवली. खांद्यावरचं तिकिटाचं मशीन उगाच पुढं घेतलं, पुन्हा मागं सारलं.

"तुमा पोरींना पास फुकट होता ना, बेटा. पासाचा पैसा हिथं पडत न्हाई. तुमी समद्या असायच्या, पर मशीनला गाडी रिकामीच दिसायची."

बायनाबाई घरी परतली. घामानं ओली झालेली सुपारी तिनं पदराला पुसली आणि आप्पांच्या हातावर ठेवली. अडकित्त्याचा आवाज झाला तेव्हा बजरंग दारात पाठमोरा उभा होता.

पुढच्या वर्षी बिभीषण निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी तो म्हातारीला भेटायला गावात आला, मोटारसायकलवरून. कासमची बदली झाली. बजरंग पुन्हा मांजरसुंब्याला जातो, पण लेकीचा विषय निघाला की जेवत्या ताटावरून उठतो. बायनाबाई त्या श्रावणात गेली. त्यानंतर मुक्कामी गाडी परत सुरू झाली; अर्ध्या तिकिटानं बायांची गर्दी वाढली, गाडी परवडायला लागली म्हणे. वळणावर आता कुणी हॉर्न देत नाही.

संस्कृती दिवाळीला त्याच गाडीनं माहेरी येते, कडेवर लेक घेऊन. नवा कंडक्टर तिचं अर्धं तिकीट फाडतो. मशीनला ती आता दिसते.