आपणहून

"चार वाजेपर्यंत," मारायके म्हणाली आणि स्क्रीनवरून गेली.

३:१०

मंजूषाने नवा मेल उघडला.

प्रिय मारायके, वैयक्तिक कारणांमुळे मी

इथे ती थांबली. कारण वैयक्तिक नव्हतं. कारण खिडकीबाहेर होतं. विमानतळाला लागून असलेल्या हूफडॉर्पच्या आकाशात एरवी दर दोन मिनिटांनी एक विमान दिसायचं. लॉकडाऊनमुळे मार्चपासून आकाश रिकामं होतं. मंजूषाची कंपनी विमानांचे सुटे भाग मागवायचं सॉफ्टवेअर बनवायची. धावपट्टीवर ओळीने उभ्या करून ठेवलेल्या विमानांना कुणी सुटे भाग मागवत नाही.

मारायके एचआरमधली. अख्ख्या कॉलमध्ये तिने एकदाही वर पाहिलं नव्हतं. समोरचा कागद वाचावा तसं ती इंग्रजीत बोलली होती. आपणहून राजीनामा दिलात तर उत्तम शिफारसपत्र मिळेल. नाही दिलात तर कंपनीला तुम्हाला काढायची प्रक्रिया सुरू करावी लागेल. "नीट विचार करा," असं ती तीनदा म्हणाली. मंजूषाला ती धमकी वाटली.

३:१८

राजीनामा म्हणजे एक महिन्याची नोटीस. बेकारभत्ता नाही. मग नवी नोकरी शोधायला राहण्याच्या परमिटवर तीन महिने. नवऱ्याचं, जयप्रकाशचं, परमिट तिच्या परमिटला जोडलेलं. एकूण चार महिने, तेही अशा दिवसांत. नाही मिळाली तर दोघांनी देश सोडायचा. भारतात जाणारी विमानं बंद. सोडायचा कसा?

आणि काढलं तर?

हा विचार तिला शेवटपर्यंत करवेना. पुण्यात बाबांनी एकाच ऑफिसात चौतीस वर्षं नोकरी केली. काका, आत्या, सगळ्यांचे निरोपसमारंभ झाले, शाली मिळाल्या, फोटो भिंतीवर लागले. घरात कुणाला कधी कुठून काढलेलं नव्हतं. गल्लीतल्या एकाला काढलं होतं. त्याचं नाव घेताना आई अजूनही आवाज खाली आणायची.

प्रिय मारायके, या कंपनीने मला खूप काही शिकवलं. तरी जड अंतःकरणाने

खोडलं.

प्रिय मारायके, आपण दिलेल्या संधीबद्दल मी अत्यंत ऋणी आहे. मी आजपासून

हे बरं होतं. नीटनेटकं. मान खाली न घालता दारातून बाहेर पडल्यासारखं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जयप्रकाश हेडफोन लावून बसला होता. त्याचं कार्यक्रमांच्या आयोजनाचं काम लॉकडाऊनच्या पहिल्याच आठवड्यात बुडालं. तेव्हापासून रोज दुपारी तो इंटरनेटवरच्या चार अनोळखी लोकांबरोबर टोळी करून एका गुहेत राक्षस मारायचा. मघाचा कॉल नेहमीची मीटिंग होती, असं तिने त्याला सांगितलं होतं.

३:३४

हेरिंगला टोळीतून काढायचं? हो / नाही

त्याच्या स्क्रीनवर चौकट आली. जयप्रकाशने 'हो' दाबलं. बाकी तिघांनीही दाबलं असावं. पाचातला एक योद्धा पुसला गेला.

"अरे, काढलंस त्याला?" ती जवळजवळ ओरडलीच.

"हो मग." त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला. "रॉटरडॅमचा आहे तो. बंदरावर शिफ्टला बोलावलंय."

"मग जाऊ दे ना बिचाऱ्याला. काढायचं कशाला?"

"अगं, तोच म्हणाला, काढा मला. मधेच आपणहून गेला असता तर दंड बसला असता. अर्धा तास कुठलीच टोळी घेत नाही, नावापुढे पळपुट्याची खूण. आम्ही काढलं की त्याला काही नाही."

"लाज नाही वाटत असं सांगायला?"

जयप्रकाश हसला. "लाज कसली? रीतच आहे ती. नवखे तेवढे आपणहून जातात. सॉरी सॉरी करत जातात, नि बसतात बाहेर बोंबलत." मग त्याने नीट पाहिलं. "मंजू, शाल का पांघरलीयस?"

"थंडी वाजतेय."

मे महिना होता. अर्ध्या टेबलावर ऊन आलं होतं.

३:४१

मी आजपासून

३:४६

मी आज

३:४९

मी

३:५१

पानावर काहीच उरलं नाही. तिने मारायकेला कॉल लावला. घंटी वाजत असताना तिला वाटलं, उचलू नये तिने. मारायकेने लगेच उचलला. मान तशीच खाली.

"तुमचा मेल अजून आला नाही."

"येणार नाही." मंजूषाने रिकामा मेल बंद केला. "मी आपणहून जाणार नाही. तुम्हाला काढायचं असेल तर तुम्ही काढा मला."

टेबलाच्या त्या टोकाला जयप्रकाशने दोन्ही कानांवरचे हेडफोन खाली घेतले. त्याच्या स्क्रीनवर राक्षस त्याच्या योद्ध्याला बडवत होता. तो तिकडे बघतही नव्हता.

मारायकेचा हात पुढे आला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातला रेकॉर्डिंगचा लाल ठिपका विझला. मग तिने पहिल्यांदाच वर पाहिलं.

"आता मला तुमची फाइल वकिलांकडे पाठवावी लागेल," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांना कित्येक महिने लागतात. तोवर तुम्ही नोकरीत आहात, पगारही चालू. हे तुम्हाला आधी सांगायची मला परवानगी नव्हती."

"मग तुम्ही सारखं नीट विचार करा, नीट विचार करा म्हणत होतात, ते..."

"तेवढंच म्हणता येत होतं. सोमवारपासून मी अकरा जणांना फोन केले. सगळे तुमच्यासारखे परमिटवरचे." मारायकेने चष्मा काढून डोळे चोळले. "दहा जणांनी तासाभरात राजीनामे पाठवले. वर माझे आभारही मानले."