पुतळ्याखालची माती

आज सकाळी नोएडातल्या आमच्या संस्थेत फायबरच्या डायनासोरचं उद्घाटन होतं, आणि स्टोअरमधली माझी बावीस पोती गायब होती. डायनासोर संपल्यानंतर साचलेल्या थरातली ती माती मी नागपूरकडून आणली होती. सहा वर्षांत तीनच पोती भिजवून, चाळून, सूक्ष्मदर्शकाखाली कणकण वेचून झाली, तेव्हा कुठे एक दात मिळाला. तिळाहून लहान, त्या प्रलयातून तगलेल्या चिचुंद्रीएवढ्या सस्तन प्राण्याचा. तो टाचणीच्या डोक्यावर मेणाने चिकटवून ठेवलाय. एका दातावर कोणी विश्वास ठेवत नाही. दुसरा हवा होता, आणि तो असलाच तर त्या पोत्यांत. मी संचालकांना गाठलं. ते म्हणाले, "रजिस्टर में मिट्टी लिखा था, कल्पनाजी. माली ने पुतले के नीचे क्यारी में डाल दी. मिट्टी ही तो है." ते मीच लिहिलं होतं. वेचून होईपर्यंत आम्ही मातीला मातीच म्हणतो. मी बाहेर आले. जो मेला त्याचा पुतळा, आणि जो तगला त्याच्यावर झेंडू. प्रमुख पाहुणे वाफ्यात बूट रोवून फोटो काढून घेत होते. मी चाळणी घेऊन त्यांच्या पायाशी बसले आणि झेंडू उपटायला लागले. संचालक हलक्या आवाजात म्हणाले, "कल्पनाजी, बाद में." पाहुणे हसले. "क्या खो गया, बहनजी?" मी त्यांचा बूट दोन्ही हातांनी धरला. "पैर उठाइए, साहब," मी म्हटलं. "आप अपनी नानी पर खड़े हैं."