दोन सुऱ्या

सासऱ्यांनी फारच आग्रह केला, म्हणून जावई त्यांच्याबरोबर जंगलात मुक्कामाला आला. शेकोटीसाठी लाकडं तासता तासता वाद रंगला, कुणाची सुरी सरस? दोन्ही वीतभर, घडी न होणाऱ्या, पाती धारेकडे शिंपल्यासारखी फुगीर उतरत गेलेली. सासरे आज पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलत होते, त्यामुळे जावईही खुलला होता.

"बाबा, तुमची साल काढायला बरी. पण माझी गाठीवर मारली तरी धार तुटत नाही."

"बघू तरी."

त्यानं खुशीत आपली सुरी त्यांच्या हातात दिली. सासऱ्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला.

"खरंय जावईबापू, तुमचीच सरस."

मग दोन्ही सुऱ्या घेऊन ते त्याच्यासमोर येऊन बसले.


"आता सांग, माझ्या लेकीचा हात कसा मोडला?"